उजवा कौल

"या गाडीत काय नाही ते विचार," कौस्तुभ म्हणाला आणि त्याने स्टिअरिंगवर थोपटलं. आमच्या कराडच्या बाजारात बैल विकणारे बैलाच्या पाठीवर असंच थोपटतात.

आम्ही खाडीच्या मधोमध जंगरवर होतो. जंगर म्हणजे गाड्या आणि माणसं पलीकडे नेणारी सपाट बोट. बाहेर झकास वारा सुटला होता, पण कौस्तुभला एसी दाखवायचा होता म्हणून आम्ही काचा लावून आत बसलो होतो. मागच्या सीटवर त्याची आई, सरोजकाकू, देवीच्या ओटीचं सामान मांडीवर घेऊन गप्प बसल्या होत्या. नवी गाडी घेऊन पंधरवडा झाला होता आणि गाडीबद्दलचं सगळं त्यांनी बहुधा आधीच ऐकलं होतं.

गाडीला वरून उघडणारं छप्पर होतं. पाऊस पडला की आपोआप फिरणारे वायपर होते. सीट गरम करायची सोय होती, आणि एप्रिलच्या उकाड्यात त्याने मला ती गरम करून दाखवली.

"आणि हा पडदा कशाचा?" मी विचारलं.

"तो मागचा कॅमेरा. रिव्हर्स टाकला की मागचं सगळं यात दिसतं."

"दाखव की."

"बोटीवर रिव्हर्स? काहीतरीच तुझं," तो म्हणाला आणि त्याने गाणी लावली.

मला तो आवडला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्हाला वाटेल की मी तोंड वाकडं करूनच गाडीत चढले होते. तसं नव्हतं. उंच, हसरा, बोलण्यात गोड, हॉटेलात वेटरला 'थँक यू' म्हणणारा. मी तेव्हा पुण्यात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते आणि स्थळं बघून बघून इतकी विटले होते की चहाचा ट्रे बघितला तरी पळून जावंसं वाटायचं. कौस्तुभने मात्र पहिल्या भेटीत चहा स्वतः ओतला होता. "ड्रायव्हिंग येतं?" त्याने तेव्हा विचारलं होतं. येतं, म्हटल्यावर हसून म्हणाला, "स्कूटर ना?" मी तेही हसण्यावारी नेलं. आवडलेल्या माणसाला आपण बरीच सूट देतो.

घरून होकार गेला होता. साखरपुड्याचं कार्यालयही बघून ठेवलं होतं. राहिला होता फक्त कौल. कौस्तुभच्या घरचे, म्हणजे हळदणकर, मूळचे आडजुवे बेटावरचे, आणि त्यांच्याकडे ग्रामदेवीचा कौल घेतल्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाच्या पाकळ्या लावतो. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. होणाऱ्या सुनेने समोर उभं राहायचं, म्हणून मी निघाले होते. त्याचे वडील, नाना, तयारीसाठी आदल्या दिवशीच बेटावर आत्याकडे गेले होते. कराडला माझे आईवडील फोनजवळ बसून होते. म्हणजे त्या दिवशी माझं लग्न दोन पाकळ्यांवर होतं, आणि मी मनातल्या मनात उजवीच्या बाजूने होते.

जंगर बेटाच्या धक्क्याला लागला. साखळी सोडणारा माणूस खिडकीशी आला. कौस्तुभने काच बोटभर खाली केली.

"सावकाश जावा हां," साखळीवाला म्हणाला. "रस्तो एकाच गाडीचो आसा. वळणार हॉर्न देवा. आणि धक्क्याकडे येणाऱ्याक आधी वाट देवची, काय?"

"का?" कौस्तुभने विचारलं.

"सुकती लागली, पाणी ओसराक लागला की जंगर धक्क्याक लागणा नाय. वर जाणारो मागसून गेलो तरी चलता. खाली येणाऱ्याची बोट चुकली तर तो दिवसभर हयच."

कौस्तुभने काच वर केली. "प्रत्येक गावात स्वतःची वाहतूक शाखा," तो म्हणाला. "उद्या म्हणतील उजवीकडून चालवा."

"अरे, पण इथं तसंच आहे," मागून काकू म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा बैलगाड्यासुद्धा..."

"आई, तू ओटी सांभाळ."

काकूंनी ओटी सांभाळली.

आडजुव्याचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, पुरुषभर उंच, आणि मधे एक गाडी जाईल एवढी फट. गडग्यांपलीकडे काजू आणि फणस. वळणापलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. अशा रस्त्यावर शहाणा माणूस काय करेल? काच खाली घेईल, कान उघडे ठेवेल, वळणावर हॉर्न देईल. कौस्तुभने काचा बंद ठेवल्या, गाण्याचा आवाज वाढवला, आणि हॉर्न वळणावर न देता कोंबड्यांना दिला.

वाटेत शाळेपाशी रस्ता जरा रुंद झाला. तिथे बायकांनी चटया अंथरून त्यावर मासळी वाळत घातली होती. अर्ध्या रस्त्यावर मासळी, अर्धा रस्ता गाड्यांना, असा तिथला समजुतीचा मामला दिसत होता. आमच्या गाडीने हॉर्नवर हॉर्न दिले. एका बाईने उठून चटईचं टोक ओढून घेतलं आणि आमच्याकडे असं पाहिलं की मी काचेतून हात जोडले.

"रस्ता म्हणजे यांना अंगण वाटतं," कौस्तुभ म्हणाला. "लोकांना ड्रायव्हिंगचा सेन्सच नाही."

पुढची दोन वळणं घेतली आणि समोर टेम्पो उभा राहिला.

दोन्ही गाड्यांनी कचकन ब्रेक दाबले. मधे हातभर जागा उरली. टेम्पोच्या हौद्यात माणसं खच्चून भरलेली, बायका नव्या साड्यांत, कुणाच्या मांडीवर पितळी समई, कुणाच्या हातात केळीचे खुंट. आणि पुढे, ड्रायव्हरशेजारी, मुंडावळ्या बांधलेला नवरामुलगा. वऱ्हाड धक्क्याकडे निघालं होतं. आम्ही ज्या जंगरने आलो तोच त्यांना पकडायचा होता.

टेम्पोवाल्याने हात बाहेर काढून आम्हाला मागे जा अशी खूण केली. साधी खूण, रागाची नव्हती. कौस्तुभने त्याला तीच खूण परत केली.

मग जे झालं ते बघायला तिकीट लावलं असतं तरी लोक आले असते. टेम्पोवाला उतरला. कौस्तुभही उतरला, मात्र गाडी आणि एसी चालूच ठेवून, कारण आईला उकाडा सहन होत नाही. तेवढा तो मातृभक्त होता.

"दादानु, जरा मागे घेतास?" टेम्पोवाला म्हणाला. "शाळेकडे जागा आसा. तुमका जवळ पडात. माझ्या मागे चढाव आसा आणि सगळो गाव भरलेलो."

"मी आधी आत आलो होतो," कौस्तुभ म्हणाला.

"खंय आत?"

"या रस्त्याच्या पट्ट्यात. नियम आहे. आधी आलेल्याला प्राधान्य."

असा नियम कुठल्या पुस्तकात आहे ते मला आजही माहीत नाही. पण कौस्तुभ तो इतक्या ठामपणे सांगत होता की क्षणभर टेम्पोवालाही गडबडला. मग कौस्तुभने चढाचा नियम सांगितला. मग अवजड वाहनाचा. मग मोटार वाहन कायद्याचं एक कलम सांगितलं, आणि थोड्या वेळाने त्याच कलमाचा आकडा बदलला. शेवटी नवरामुलगा स्वतः खाली उतरला. बिचारा नव्या बुटांनी लंगडत होता. त्याने मुंडावळ्या दोन्ही हातांनी बाजूला केल्या.

"साहेब, मुहूर्त गाठायचा आहे," तो म्हणाला. "मुलीकडचे पलीकडे वाट बघतायत. जरा मागे घेतलीत तर फार उपकार होतील."

"तुमचा मुहूर्त मला मान्य आहे," कौस्तुभ म्हणाला. "पण तत्त्व म्हणून काही असतं."

मी काच खाली केली होती. हे 'तत्त्व' कानावर पडलं तेव्हा मला पहिल्यांदा त्याची लाज वाटली. लाज वाटली आणि रागही आला. कसलं तत्त्व? दोन वळणं मागे जायचं होतं, वनवासाला नव्हे.

"काकू, हा असा का करतोय?" मी मागे वळून विचारलं.

काकूंनी आधी बाहेर बघितलं. मग पुढे वाकल्या आणि कुजबुजल्या. "त्याला मागे घेता येत नाही गं."

"काय?"

"रिव्हर्स. येतच नाही त्याला. आमच्याकडे रोज सकाळी वॉचमन गाडी काढून देतो. ऑफिसात आरपार निघता येतं म्हणे. लायसन्स कसं मिळालं ते विचारू नकोस, ते त्याच्या बाबांनी बघितलं होतं. कुणाला बोलू नकोस हां. त्याला फार लागतं."

मला हसूच आलं. राग पार उतरला. एवढंच होतं होय? येत नाही तर येत नाही. मला पोहता येत नाही, भाकरी थापता येत नाही, त्याने काय बिघडतं? उलट तो एकदम जवळचा वाटायला लागला. एवढा मोठा घोडा, कोट्यवधी कलमं तोंडपाठ, आणि मागे जायची भीती. मी ठरवलं की कुणालाही कळू न देता हे निस्तरायचं.

मी उतरून त्याच्याजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "कौस्तुभ, मी घेते मागे. तुला ऊन लागतंय असं सांगू. तू सावलीत थांब."

"तू?" तो मोठ्याने म्हणाला. "ही काय तुझी स्कूटी आहे? अठरा लाखांची गाडी आहे."

हौद्यातल्या बायका हसल्या. मला नव्हे, हे मला दिसत होतं, पण त्याला दिसत नव्हतं.

मी कराडची. माझ्या वडिलांचे ट्रॅक्टर ऊस वाहायचे. कारखान्याच्या आवारात उसाने भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे घ्यायला मी कॉलेजात असतानाच शिकले होते. ट्रॉली डावीकडे न्यायची तर चाक उजवीकडे फिरवावं लागतं, आणि मागे रांगेतले ड्रायव्हर आईबहिणीचा उद्धार करत असतात. त्यापुढे ही गाडी म्हणजे दहीभात होता. पण हे सगळं त्या रस्त्यावर त्याला ऐकवलं नाही. मला त्याची बाजू सांभाळायची होती.

"तू थांब," तो म्हणाला. "आता बघच. इथल्या तहसीलदारांना ओळखतो मी." त्याने मोबाईल काढला. रेंज नव्हती. तेव्हा बेटावर रेंज अशी नव्हतीच. कुणीतरी, बहुधा गंमत म्हणूनच, सांगितलं की वर फणसाखाली गडग्यावर चढलं की लागते कधीकधी. कौस्तुभ निघाला. पांढऱ्या पँटीत गडग्यावर चढला, फोन उंच धरला आणि "हॅलो, हॅलो" करत काजूंमागे दिसेनासा झाला.

खालून जंगरचा भोंगा वाजला.

नवरामुलगा घड्याळाकडे बघत नव्हता, बुटांकडे बघत होता. ते मला बघवेना. मी जाऊन कौस्तुभच्या जागेवर बसले, सीट पुढे ओढली आणि रिव्हर्स टाकला. पडदा उजळला. पंधरवड्यात पहिल्यांदाच मालकाच्या घरचं कुणीतरी तो बघत होतं.

"अगोबाई," काकू म्हणाल्या. "मागचं दिसतं की यात खरंच."

पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. टेम्पो समोरून हळूहळू माझ्यामागोमाग येत होता. शाळेपाशी पोचले तर मासळीवाल्या बायकांनी आधीच चटया गोळा करून जागा केलेली. मघाचीच ती बाई हात हलवून "येवं दे, येवं दे, बस" करत होती. मी गाडी कडेला घेतली. टेम्पो शेजारून जाताना क्षणभर थांबला. नवऱ्यामुलाने मुंडावळ्यांतून मान लववली. हौद्यातली एक म्हातारी, त्याची आत्या असावी, कडेवरून वाकली आणि खिडकीतून माझ्या हातात दोन लाडू ठेवले.

"बाये, तो गडग्यार चढलेलो तुझो घोव काय गो?"

"अजून नाही."

"मगे अजून येळ गेलो नाय," म्हातारी म्हणाली आणि टेम्पो गेला.

मी एक लाडू मागे काकूंना दिला. आम्ही दोघींनी गुपचूप लाडू खाल्ले.

कौस्तुभ चालत आला तेव्हा घामाने निथळत होता आणि पँटीला जांभ्याचा तांबडा रंग लागला होता. रस्ता मोकळा, टेम्पो नाही. त्याने मला ड्रायव्हरच्या जागेवर बघितलं, आईकडे बघितलं. मी उतरून शेजारच्या सीटवर गेले.

"बोट मिळाली त्यांना," मी म्हटलं. "झालं, चल आता."

त्याने गाडी पुढे काढली. देवळापर्यंत गाणीही लावली नाहीत. मला वाटलं, बरं झालं. आता तो कधीतरी एकटा असताना म्हणेल, रेवती, मला रिव्हर्स येत नाही गं, शिकव. आणि मी शिकवीन. रिकाम्या मैदानावर, रविवारी सकाळी. खरं सांगते, मी ते मैदानसुद्धा ठरवलं होतं.

देवळात कौल घेतला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या, आम्ही हात जोडून उभे राहिलो. उजवी पाकळी जराही वेळ न लावता खाली आली. नानांनी आनंदाने घंटा वाजवली. आत्याने माझ्या तोंडात साखर घातली. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू.

आत्याकडे जेवायला पंगत बसली. घावन, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. नाना, कौस्तुभ, आत्याचे यजमान, शेजारचे दोघं आणि मला पाहुणी म्हणून त्यांच्याच पंगतीत बसवलेलं. काकू आणि आत्या वाढत होत्या. गावात बातमी आमच्या आधीच पोचली होती.

"काय रे कौस्तुभ," आत्याचे यजमान म्हणाले, "वऱ्हाडासमोर गाडी अडकली म्हणे?"

मी घावनाचा तुकडा मोडता मोडता थांबले. कौस्तुभ हसला. तेच गोड हसू.

"अहो, अडकली कसली? टेम्पोवाला घाबरला होता. रस्ता अरुंद, त्याला काही सुचेना. मी म्हटलं, थांब, आम्ही मागे घेतो. मग म्हटलं, रेवतीला जरा हात साफ करू दे. एवीतेवी पुढे चालवावी लागणारच. मी खाली उतरून सांगत होतो, डावीकडे घे, थोडं उजवीकडे, बास, बास. पहिल्यांदाच घेतली हो तिने, पण नीट घेतली. सांगणारा पाहिजे फक्त."

"वा," नाना म्हणाले.

"घाबरली होती आधी," कौस्तुभने मला दाखवून सांगितलं. "हात थरथरत होते. हो की नाही, आई?"

काकूंच्या हातात सोलकढीचं भांडं होतं. त्या माझ्या पानासमोर वाकलेल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"हो तर," त्या म्हणाल्या. "कौस्तुभनेच सांगितलं सगळं."

इतक्या सहज म्हणाल्या. अडखळल्या नाहीत, आवाज हलला नाही. बरीच वर्षं रोज म्हटल्याशिवाय कुठलंही वाक्य इतकं गुळगुळीत होत नाही. मला एकदम भीती वाटली. रिव्हर्सची नाही, त्या भांड्याची. ते भांडं उद्या माझ्या हातात येणार होतं.

"सांग ना, रेवती," कौस्तुभ म्हणाला. त्याच्या डोळ्यांत विनंती नव्हती. मी हो म्हणणार याची खात्री होती. "मीच सांगत होतो ना?"

"नाही," मी म्हटलं.

सगळे हसले. त्यांना वाटलं, नवी मुलगी थट्टा करतेय.

"तू काजूंमागे गडग्यावर फोन धरून उभा होतास," मी म्हटलं. "तुला गाडी मागे घेता येत नाही. त्याचं मला काही नाही. मी शिकवणार होते. पण हे लग्न मी करणार नाही, नाना. कराडला मी स्वतः कळवते."

कौस्तुभ पानातल्या उसळीत काहीतरी शोधायला लागला. नानांचा घास हातातच राहिला. शेवटी आत्या बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"अगो, पण देवीने उजवो दिलो ना. देवीचो होकार आसा. मगे तुझा काय?"

"देवीचं काय जातंय, आत्या?" मी म्हटलं. "तिला कुठे आयुष्यभर याच्या शेजारच्या सीटवर बसायचंय?"

त्यावर पहिलं कोण हसलं असेल? सरोजकाकू. भांडं हातात, सोलकढी माझ्या पानाबाहेर सांडलेली, आणि त्या हसतायत. पदर तोंडाला लावला त्यांनी लगेच, पण तोवर कौस्तुभने मान वर करून आईकडे बघितलं होतं.